शनिवारी बंद पडणारा कॉम्प्युटर

माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस खोटं बोलतो. मुद्दाम नाही, पण बोलतो. "मी काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला," हे वाक्य कानावर आलं की मी पुढचं ऐकतच नाही, सरळ स्क्रू काढायला घेते. काहीच न केलेल्या माणसाच्या कीबोर्डमधून चहा निघतो. आपोआप बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या पंख्यात मांजराचे केस सापडतात. म्हणून मी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारते. बंद पडायच्या आधी तुम्ही काय काय केलंत ते सगळं सांगा, लाज वाटली तरी सांगा. सांगितलं नाही तर बिघाड सापडायला उशीर होतो आणि मी चिडते. मी चिडते म्हणजे काय होतं हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

एवढा हा एक प्रश्न मी जगात कुणाला विचारला नसेल, तर माझ्या बाबांना.

बाबांची सगळी नोकरी प्रेसवर गेली. छापखान्यातली नव्हे, पत्र्यावर ठोके मारणारी प्रेस. एक ठोका, एक डब्याचं झाकण, दिवसभर धाड धाड. त्यात कान गेले. बाबांना कमी ऐकू येतं हे शेजाऱ्यांना माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं, जिन्यात भेटणाऱ्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त बाबांना. लोक हल्ली पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं. कानाचं मशीन मी हट्टानं आणलं, डॉक्टरांकडून मापाचं करून घेतलं, तर ते डबीसकट त्यांच्या कपाटाच्या खणात जाऊन बसलं. मी बोलून बोलून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. टीव्ही इतका मोठा लावायचे की खालच्या मजल्यावरच्यांना घरबसल्या बातम्या मिळायच्या.

आता चिमणीचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. चिमणी म्हणजे माझ्या दादाची मुलगी. दादा आणि वहिनी वेगळे झाले. दादा नोकरीच्या मागे लांब निघून गेला आणि वहिनी चिमणीला घेऊन तिच्या माहेरच्या शहरात राहायला गेली. चूक कुणाची यात मी पडत नाही. पडले तर दोघांनाही सोडणार नाही. पण झालं असं की ज्या नातीला बाबा शाळेत सोडायचे आणि शाळेतून आणायचे, ती एका दिवसात त्यांच्या घरातून नाहीशी झाली. फोनवर ती धड बोलायची नाही. लहान मुलं फोनवर काय बोलणार, "बरी आहे" आणि "जेवले". बाबांना तर तेवढंही ऐकू यायचं नाही.

मग वहिनीनंच सुचवलं. चिमणी एक गेम खेळते, दोघांनी मिळून खेळायचा असतो, बाबांना जमेल का? दर शनिवारी संध्याकाळी एक तास. मला तेव्हा वहिनीचं फार कौतुक वाटलं, आजही वाटतं.

गेम मालवाहू बोटीचा होता. एकजण कप्तान, तो वर उभा राहून बोट हाकतो. दुसरा खाली इंजिनवर, तो वाफ सांभाळतो, तेल घालतो, कप्तान सांगेल तसा वेग कमी-जास्त करतो. एका बेटावरून माल उचलायचा आणि दुसऱ्यावर पोचवायचा. कप्तान अर्थातच चिमणी. बाबा इंजिनवर. त्या गेममधल्या लाटा, धूर, पाण्यावरचा उजेड असा काही हुबेहूब होता की साध्या कॉम्प्युटरला तो झेपलाच नसता. मी दुकानातले चांगले चांगले भाग वेचून, दमदार ग्राफिक्स कार्ड घालून बाबांसाठी एक कॉम्प्युटर जुळवला. लोक त्या डब्याला सीपीयू म्हणतात. मी समजावायचं सोडून दिलंय, तुम्हीही म्हणा.

पहिले काही शनिवार बाबा नुसते उडत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी मशीनवर उभं केलं नव्हतं. शनिवारी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे. मी विचारलं, तिला तुम्ही दिसता कुठे? तर म्हणाले, पाळीवर जाताना माणसानं नीट जावं. आणि खोलीचं दार लावून घ्यायचे. आजोबा-नातीच्या बोलण्यात तिसरं माणूस नको. मीही त्या वेळी दुकानात असायचे, कारण शनिवारी संध्याकाळी आख्ख्या गल्लीचे कॉम्प्युटर एकदम आजारी पडतात.

आणि मग ते बंद पडणं सुरू झालं.

गेम चालू व्हायचा, बोट बंदरातून निघायची, आणि ऐन समुद्रात बाबांच्या स्क्रीनवर आधी रंगीत ठिपके यायचे, मग काळोख. पंखा एकदम विमानासारखा ओरडायचा आणि कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा सुरू व्हायचा. तिकडे चिमणीच्या बोटीचं इंजिन बंद. इंजिनवर माणूसच नाही म्हटल्यावर बोट वाहत जाऊन खडकावर आपटायची आणि सगळा माल पाण्यात. हे एकदा झालं, परत झालं, मग दर शनिवारी व्हायला लागलं.

बाबांचा दुकानात फोन आला की मी उंटावरून शेळ्या हाकायचे. हे बंद करा, ते चालू करा. त्यांना फोनवर माझं निम्मं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते भलतंच काहीतरी चालू करायचे. शेवटी मी कॉम्प्युटर दुकानात उचलून आणला. आधी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मुळापासून काढून नवीन घातला. मग तोच गेम दिवसभर चालू ठेवला. बोट न बुडता फिरत राहिली. मी कार्डाला जड चाचणी लावली, जिच्यात भलीभली कार्डं माना टाकतात. हे बेटं हसत बसलं. तापमान बघितलं, अगदी थंड. संशयाच्या यादीतून उष्णता खोडली. कॉम्प्युटर घरी नेऊन ठेवला. शनिवारी बाबांचा फोन. काळोख.

मग मेमरी बदलली. शनिवारी काळोख. वीज पुरवणारा पॉवर सप्लाय बदलला. शनिवारी काळोख. मॉनिटरची केबल, भिंतीतलं सॉकेट, गेममधल्या सावल्या आणि धूर कमी करणं, सगळं झालं. एका रविवारी दुपारी मी स्वतः बाबांच्या खुर्चीत बसून तो गेम खेळले, अगदी कंटाळा येईपर्यंत. काही झालं नाही. म्हणजे माझ्या हातात चालतो आणि बाबांच्या हातात बंद पडतो. तोही फक्त शनिवारी. साप साप म्हणून मी नुसती भुई धोपटत होते. बाहेर गल्लीत मला विचारून लोक कॉम्प्युटर विकत घेतात आणि माझ्या घरात ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तो माझ्या डोक्यात जात होता.

एकदा मी बाबांवरही चिडले. तुम्ही काहीतरी भलतं बटण दाबता, मी म्हणाले. बाबा नुसते हसले. त्यांना ऐकू आलं नव्हतं की ऐकायचं नव्हतं, देव जाणे.

मग वहिनीचा फोन आला, आणि प्रकरण बिघाडाच्या पलीकडे गेलं. तिचा सूर भांडणाचा नव्हता, म्हणून जास्त लागला. ती म्हणाली, चिमणी शनिवारी रात्री जेवत नाही. आजोबा मधेच उठून जातात, असं तिला वाटतं. मी समजावते की कॉम्प्युटर खराब आहे, पण ती म्हणते दर वेळी कसा खराब होतो, आत्याचं तर दुकानच आहे. मग वहिनी म्हणाली, एक शनिवार आणखी बघू. पुन्हा तसंच झालं तर हे बंद करूया. एक माणूस तिच्या आयुष्यातून असाच मधेच उठून गेलाय, आता दुसरा नको.

मी बरं म्हणाले. बाबांना सांगितलं तेव्हा, जवळ जाऊन, सावकाश, त्यांच्या तोंडासमोर सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कितीतरी वेळ हातातल्या चष्म्याच्या काचा पुसत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या आठवड्यात मी दुकानातली बाकीची कामं मागे सारली. गिऱ्हाइकं कुरकुरली, त्यांना कुरकुरू दिलं. कार्डच बदललं. दुसरं आणलं, तपासलेलं, खात्रीचं. आणि उष्णता खोडली होती तरी, असू दे म्हणून, दोन जादा पंखे बसवले, एक मागे, एक वर. मोठे आणि वेगवान. आवाज जरा जास्त करायचे, पण बाबांना आवाजाचं काय? रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, त्यातला तो प्रकार होता, हे मला नंतर कळलं.

शनिवारी मी दुकानाला कुलूप लावलं. शनिवारी संध्याकाळी माझं दुकान बंद बघून शेजारचा घड्याळवाला विचारायला आला की कुणी गेलं का. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबांनी दाढी केली होती. मी म्हटलं, मी खोलीत बसते. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, मी बोलणार नाही, कोपऱ्यात बसेन. तरी नाही. आमचं आम्ही बोलतो, तू बाहेर बस. एवढ्या अटीतटीच्या दिवशीही दार लावून घेतलं. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. आतून बोटीचा भोंगा ऐकू आला. मग बाबांचा आवाज. "हो." मग काही वेळ काही नाही. "हो हो." मग, "बरं, बरं." किती गोडीनं बोलतायत, असं माझ्या मनात आलं. चहाचं आधण ठेवलं. ते उकळायच्या आत आतून पंख्यांचा तो ओरडा सुरू झाला आणि थांबला.

पूर्वी निदान बोट अर्ध्या वाटेवर तरी जायची. या वेळी बंदराचा दिवासुद्धा मागे पडला नव्हता.

मी दार ढकलून आत गेले. स्क्रीन काळा, आणि या वेळी कॉम्प्युटर आपणहून सुरूही झाला नव्हता. बाबा पलंगाशी पाठमोरे उभे होते, हातानं पांघरूण सारखं करत. मला बघून बाजूला झाले. मी कॉम्प्युटरपाशी वाकले नाही, बघितलं नाही, काही नाही. मी सरळ पलंगावर बसले आणि टेकायला हात मागे टाकला, तो घडी करून ठेवलेल्या ब्लँकेटवर पडला.

ब्लँकेट गरम होतं. कोमट नव्हे, इस्त्रीखालून काढल्यासारखं गरम. पलंगावर दिवसभर कुणी झोपलं नव्हतं. उन्हाची तिरीपही त्या खोलीत येत नाही. मी ब्लँकेट उचललं. खाली दुसरं होतं, तेही गरम. आणि त्याच्याखाली सुतळीचा एक तुकडा, दोन्ही टोकांना व्यवस्थित फास केलेला, बाबा मशीनला पट्टा बांधायचे तसा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही घडी मी गेले कितीतरी शनिवार त्या पलंगावर बघत होते. प्रत्येक वेळी दुकानातून धावत येऊन मी आधी कॉम्प्युटरकडे बघायचे. पलंगावर काय आहे ते कोण बघतं?

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी. मला वाटलं आता ती संपलं म्हणणार. ती म्हणालीही. पण आणखी एक गोष्ट म्हणाली, आणि ती ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, कारण मला उभं राहायला काहीतरी काम हवं होतं. ती म्हणाली, तुला एक सांगू का, बंद पडण्याचं एक वेळ ठीक आहे. चिमणी दर शनिवारी त्यांना विचारते, आजोबा, सुट्टीत तुम्ही इकडे राहायला याल का? मीच तिला म्हटलं विचार म्हणून, माझी काही हरकत नाही. बाबा दर वेळी हो म्हणतात. हो हो म्हणतात. आणि नंतर कुणी त्याचं नावही काढत नाही. मागच्या सुट्टीत ती बॅग भरून दारात बसली होती गं, त्यांना आणायला स्टेशनवर जायचं म्हणून.

मी विचारलं, चिमणी कुठेय? बोट अजून तशीच वाहतेय आणि ती समोर बसून बघतेय, असं वहिनी म्हणाली. मी तिला म्हटलं, तिला तिथेच बसव, मला थोडा वेळ दे. मी आयुष्यात फारसं कुणाला हात जोडत नाही, तेव्हा जोडले, फोनवर. ती बरं म्हणाली.

मी परत खोलीत आले. ब्लँकेट बाबांच्या समोर धरलं, त्यांच्या अगदी जवळ गेले आणि गिऱ्हाइकाला विचारते तेच विचारलं. बंद पडायच्या आधी तुम्ही काय काय करता ते सगळं सांगा. लाज वाटली तरी सांगा.

बाबा खुर्चीत बसले. मला वाटलं होतं तितका वेळ लागला नाही. चिमणीचा आवाज बारीक, म्हणाले, आणि त्यात हे मशीन घरघरतं. स्पीकर मोठा केला तर तिला तिचाच आवाज दोनदा ऐकू येतो, ती ओरडते. हेडफोन त्यांना सोसत नव्हते. प्रेसवरचा माणूस कानावर काही घालत नाही, साच्यात काही अडकलं तर आधी आवाज बदलतो, तो ऐकायला कान मोकळे लागतात, ही त्यांची जुनी समजूत. मग त्यांनी कारखान्यातला उपाय केला. तिथे फार दणका देणाऱ्या मशीनला नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, गुंडाळायचे, पट्टा आवळायचे, मशीनही चालायचं आणि आवाजही बसायचा. तसं त्यांनी गेम सुरू झाला की कॉम्प्युटरला ब्लँकेट गुंडाळलं. खेळ संपला की काढून घडी करून ठेवलं, कारण चालू मशीन उघडं दिसलं पाहिजे, नाहीतर मी ओरडेन. यात बंद पडण्यासारखं काही असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. प्रेस कधी बंद पडली नव्हती.

जितकं गुंडाळलं तितकं कार्ड तापलं. जितकं तापलं तितका पंखा ओरडला. आणि पंखा ओरडला म्हणून त्यांनी आणखी गुंडाळलं. या आठवड्यात मी हौसेनं दोन जादा पंखे बसवले, म्हणून बाबांनी जादा ब्लँकेट काढलं. आम्ही दोघं बाप-लेक त्या बिचाऱ्या डब्याला दोन बाजूंनी मारत होतो.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हटलं, बाबा, कानाचं मशीन खणात पडलंय. ते घातलं असतं तर यातलं काहीच करायला लागलं नसतं. तिला साधं सांगितलं असतं की मला ऐकू येत नाही, तरी चाललं असतं.

तेव्हा बाबा जे बोलले ते मी तसंच सांगते.

"आमच्या खात्यात ज्याचा कान गेला त्याला दुसऱ्या दिवशी प्रेसवरनं उठवायचे. पॅकिंगला बसवायचे, म्हाताऱ्यांत. मी शेवटची कितीतरी वर्षं ओठ बघून काढली, मुकादम काही बोलला की हो म्हणायचं आणि दुसरा काय करतो ते बघून तसं करायचं. कुणाला कळू दिलं नाही." मग त्यांनी त्या काळ्या स्क्रीनकडे बघितलं. "तिनं मला इंजिनवर ठेवलंय. बहिरा माणूस इंजिनवर कोण ठेवतं?"

मी त्यांची मुलगी, मी एवढी तोंडाळ, त्या कानावरून मी त्यांना घरात किती बोलले असेन. ऐकायचं नसलं की ते हसतात असं मला वाटायचं. ते ऐकू न येताही सगळं ऐकल्यासारखं दाखवत होते.

चिमणी दर शनिवारी काय विचारते ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी सांगितलं नाही. ते त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकायला हवं होतं.

मी कपाटाचा खण उघडला. मोज्यांच्या खाली ती डबी होती. सेलवरचं चिकटलेलं कागदाचं शेपूटसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. ते ओढून काढलं, सेल बसवला, मशीन बाबांच्या हातात दिलं. घालून दिलं नाही. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, एखादा नवा सुटा भाग बघावा तसं, आणि घातलं. मी कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा काढून टाकला, वारा खेळू दे म्हणून, आणि चालू केला. पंखे सुरू झाले. बाबा दचकले.

"हा असा ओरडतो?" त्यांनी विचारलं.

असाच ओरडतो, मी म्हटलं.

गेम उघडला. बोट खडकाच्या अगदी जवळ, एका कुशीवर कललेली होती आणि वर कप्तानाच्या जागी चिमणीचं ते पिवळ्या टोपीचं चित्र उभं होतं. मी उठून बाहेर जायला निघाले. बाबांनी माझा हात धरला, बस म्हणाले. या वेळी दार उघडंच राहिलं.

"आलात?" स्पीकरमधून चिमणीचा आवाज आला. रुसलेला होता.

बाबांनी मान पुढे केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि सांगितलं, "चिमणे, मला कमी ऐकू येतं. बरीच वर्षं. तू आत्तापर्यंत जे जे विचारलंस त्यातलं मला निम्मं कळलेलं नाही. मी नुसतं हो म्हणत होतो. आता कानात मशीन घातलंय. तुला इंजिनवर दुसरं कुणी हवं असेल तर तसं सांग."

नुसत्या लाटा आणि माझे ते दोन मूर्ख पंखे. मी वहिनीच्या बाजूनं काही ऐकू येतं का म्हणून कान लावून बसले होते.

"निम्मं म्हणजे कुठलं निम्मं?" चिमणीनं विचारलं.

"ते मला कसं कळणार?" बाबा म्हणाले.

तिला ते पटलं. हिशेबी पोरगी आहे, माझ्यावर गेलीय. तिनं जरा विचार केला आणि बाबांना चांगलंच झापलं. हे आधी का नाही सांगितलं, बोटीला घंटा असते, ती कशाला असते? खऱ्या बोटीवर खाली इंजिनपाशी कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून तर वरून घंटा वाजवतात. एक वाजली की पुढे, दोन वाजल्या की थांबायचं, खूप वाजल्या की मागे. इतके दिवस ती घसा फोडून ओरडत होती. आता ती घंटा वाजवेल आणि आजोबांनी नुसतं घंटेकडे लक्ष द्यायचं. एवढं बोलून तिनं खूप घंटा वाजवल्या. बाबांनी घाईघाईनं इंजिनचं चाक फिरवलं आणि बोट खडकापासून मागे सरकली. मी कॉम्प्युटरच्या उघड्या पोटात हात घालून बघितला. कार्ड कोमट होतं, बस.

बंदर मागे पडलं. बाबा प्रत्येक घंटेला "एक", "दोन" असं मोजत होते, आणि मधूनच कानाच्या मशीनला बोट लावून बघत होते. पुढे मोकळं पाणी लागलं. घंटा थांबल्या. मग चिमणी, मघाच्या त्या झापणाऱ्या आवाजात नव्हे, अगदी हळू, तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "आजोबा, सुट्टीत तुम्ही इकडे राहायला याल का?"

बाबांचं तोंड सवयीनं उघडलं. मी ते बघितलं. तो 'हो' त्यांच्या ओठांवर आला होता, कारखान्यातला, मुकादमासमोरचा. तो त्यांनी गिळला. ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जात नाहीये हे त्यांना समजलंय. त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले, आणि परत माइकपाशी वाकले.

"सुट्टी कधी लागते?" त्यांनी विचारलं.

इतक्या शनिवारांत आजोबांनी तिला उलट काही विचारलं नव्हतं. मग ती सांगायला लागली. कुठल्या वारी शाळा सुटते, स्टेशनवर कुठल्या बाजूनं उतरायचं, तिच्या खोलीतला कुठला पलंग त्यांचा. बाबा पंख्यांच्या त्या घरघरीत, मान पुढे करून, एक हात इंजिनवर ठेवून ऐकत राहिले.